आजार मेंदूतून सुरू होतो की मज्जारज्जूतून?

मोटर न्यूरॉन डिसीजविषयी आपण बोलतो तेव्हा ते बहुधा स्नायूंविषयी असते: हात झिजला, जीभ जड झाली, पाय उचलेना. स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशींच्या दोन फळ्या असतात, एक मेंदूच्या पृष्ठभागावर आणि दुसरी मुख्यतः मज्जारज्जूत, आणि या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात दोन्ही मरत जातात. खालच्या फळीची पडझड स्नायूत बारीक सुई घालून केलेल्या ईएमजी या विद्युत-तपासणीत उमटते. वरच्या फळीचे काय चालले आहे, हे मात्र डॉक्टरांना बराच काळ गुडघ्यावर हातोडी मारून आणि तळव्यावर ओरखडा काढूनच ताडावे लागत असे. फोंड्याचे माझे मामा या आजाराने गेल्यापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, आणि आयुष्यभर बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे असेल, वरच्या फळीत डोकावण्याची जी रीत निघाली तिने मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले.

तिच्या मुळाशी फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा प्रवाह सोडला, की बदलते चुंबकीय क्षेत्र त्वचा आणि कवटी यांतून सहज आरपार जाते आणि खालच्या मेंदूत प्रवाह निर्माण करते. मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये कवटीवरून थेट विजेचा धक्का देऊन मेंदू चेतवला होता, पण तो धक्का वेदनादायक असे. शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये वेटोळे वापरले आणि वेदनेचा प्रश्न जवळजवळ संपला. चुंबकीय स्पंद एका मिलिसेकंदाहूनही लहान असतो आणि त्याची तीव्रता दीड ते दोन टेस्लापर्यंत जाते. (परीक्षेत हे एकक बिनचूक लिहिणाऱ्या मुलांना तेवढ्या तीव्रतेचे क्षेत्र माणसाच्या डोक्याशी धरतात हे कधीच खरे वाटले नाही.) वेटोळे हाताच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर धरले, की सुमारे २० मिलिसेकंदांत अंगठ्याचा स्नायू आपोआप आकसतो आणि त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड ते टिपतात.

एकच स्पंद दिला तर संदेश पोहोचला की नाही आणि किती वेळात, एवढेच कळते. खरी गंमत १९९३ मध्ये कुजिराई आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या दोन स्पंदांच्या पद्धतीत आहे. पहिला स्पंद इतका सौम्य ठेवायचा की त्याने स्नायू हलू नये, आणि काही मिलिसेकंदांतच दुसरा जोरकस स्पंद द्यायचा. निरोगी मेंदूत पहिल्या स्पंदाने आवर घालणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद लहान होतो. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये हा आवर अनेकदा सुरुवातीपासूनच ढिला पडलेला आढळतो. म्हणजे वरच्या फळीतील पेशी मरण्याआधी अतिउत्तेजित झालेल्या असतात. सिडनीच्या व्हुसिक आणि किअर्नन यांच्या गटाने २००८ मध्ये याहून पुढची गोष्ट दाखवली. या आजाराशी जोडलेल्या एसओडी१ जनुकातील दोष घेऊन जन्मलेल्या ज्या थोड्या व्यक्तींना पुढे आजार झाला, त्यांच्यात ही अतिउत्तेजना लक्षणांच्या आधीच दिसली होती.

मामांच्या हातात अंगठ्याकडची बाजू आधी खोल गेली आणि करंगळीकडची बराच काळ भरलेली राहिली. कुलपात चावी फिरेना, पण करंगळीने पेटीचा सूर दाबता येई. अशी विभागलेली झीज या आजारात इतकी नेहमीची आहे की डॉक्टर ती मुद्दाम शोधतात. अंगठ्याच्या बारीक कामांसाठी मेंदूतून मज्जारज्जूकडे थेट येणारे धागे अधिक असतात, म्हणून विध्वंस वरून खाली उतरत असावा, असे एक मत आहे. आयझेन यांनी १९९२ मध्ये ते नव्याने मांडले आणि दोन स्पंदांच्या चाचण्यांनी त्याला बळ मिळाले. मला ते पटते, पण वाद मिटलेला नाही. आजार स्नायूकडून वर चढतो किंवा दोन्ही फळ्यांत स्वतंत्रपणे सुरू होतो, असे मानणारेही आहेत, आणि अतिउत्तेजना हे कारण आहे की परिणाम, हे केवळ वेटोळ्याने ठरत नाही.

निदानात मात्र दोन स्पंदांच्या चाचणीचा उपयोग अधिक ठोस आहे. हिरायामा रोगात तरुणांचा, बहुधा मुलग्यांचा, एक हात झिजतो. आपल्या देशातही असे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. तो आजार काही वर्षांत सहसा थांबतो. त्यात मेंदूचा आवर सहसा शाबूत असतो, त्यामुळे मोटर न्यूरॉन डिसीजच्या भीतीने हादरलेल्या घराला सांगण्यासारखे काही हाती लागू शकते.

चुंबकीय स्पंदांनी आजार बरा होईल का, असे नात्यातल्यांनी मला अनेकदा विचारले. नैराश्यासाठी हे उपचार चालतात, पण मोटर न्यूरॉन डिसीज त्याने थांबतो याचा पुरावा नाही, आणि त्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर सावध राहावे. औषधाची पारख करण्यासाठी मात्र हे साधन आता वापरले जाते. एझोगॅबिन या अपस्माराच्या जुन्या औषधाची चाचणी अमेरिकेत ६५ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाने मेंदूचा आवर वाढला की नाही, हे दोन स्पंदांनी मोजले गेले, आणि तो वाढलेला दिसला. रुग्ण अधिक जगतात का, हे ती दहा आठवड्यांची चाचणी सांगू शकत नव्हती. औषध वरच्या फळीपर्यंत पोहोचते, एवढे तिने दाखवले.