नऊ बलभद्र, दोन डोंगर : गजपंथ आणि मांगी-तुंगीची दोन दिवसांची वंदना

नाशिकहून या दोन जैन तीर्थांची यात्रा करताना सहसा चूक होते ती क्रमाची. म्हसरूळचा गजपंथ जवळ आहे म्हणून घाईघाईत उरकला जातो आणि मांगी-तुंगी 'पुढच्या वेळी' म्हणून राहून जाते. परंपरेने मात्र ही दोन्ही क्षेत्रे एकाच माळेत ओवली आहेत. त्रेसष्ट शलाकापुरुषांमध्ये, म्हणजे जैन पुराणांतल्या थोर पुरुषांमध्ये, नऊ बलभद्र येतात. त्यांपैकी विजय, अचल यांच्यापासून नंदिमित्रापर्यंतचे सात गजपंथावरून मोक्षाला गेले. आठवे रामचंद्र, त्यांची निर्वाणभूमी तुंगी. नववे बलराम, त्यांचे तपही मांगी-तुंगीच्याच डोंगरावर झाले. निर्वाणकांड, म्हणजे मोक्षभूमींना वंदन करणारे स्तोत्र, म्हणताना या दोन्ही डोंगरांना वंदन होतेच, तेव्हा पायांनीही दोन्हीकडे जाऊन यावे. त्यासाठी दोन दिवस आणि एक मुक्काम पुरतो.

पहिला दिवस गजपंथाचा. म्हसरूळ नाशिकपासून सहा-सात किलोमीटर, दिंडोरी रस्त्यावर. धर्मशाळा आणि खालचे मंदिर गावात आहे, डोंगराचा पायथा तिथून वेगळा. त्यामुळे रिक्षावाल्याला नुसते 'गजपंथ' न सांगता 'चामर लेणीचा पायथा' असे सांगावे, नाहीतर तो गावातच उतरवतो. पायऱ्या साधारण चारशे, पण उभ्या. सवयीच्या माणसाला वीस मिनिटे लागतात, वयस्करांना पाऊण तास धरावा. लेणी अकराव्या-बाराव्या शतकातली मानली जातात. त्यांचा जीर्णोद्धार एकोणिसाव्या शतकात भट्टारक (मठाधिपती) क्षेमेंद्रकीर्तींनी करवला. त्यांची समाधी खालीच आहे, तिथे दोन मिनिटे थांबून मगच चढायला लागावे. वर पार्श्वनाथांच्या मूर्तीपुढे पाय आपोआप थांबतात, पण बलभद्रांच्या चरणपादुकांना अर्घ्य दिल्याशिवाय खाली उतरू नये. हे क्षेत्र मुळात त्यांचे आहे.

अभिषेक करायचा असेल तर सकाळी लवकर पोहोचावे आणि पूजेची शुद्ध वस्त्रे पिशवीत वेगळी न्यावीत. नेसून प्रवास केलेले, चहा-नाश्ता केलेले धोतर पूजेला चालत नाही. अष्टद्रव्य (पूजेची आठ द्रव्ये) घरूनच तयार करून नेलेले बरे: जल तिथले गाळून घ्यावे, आणि सोबत चंदन, धुतलेले अक्षत, खोबऱ्याचे तुकडे, धूप, सालासकट बदाम. फुलांची पद्धत घराण्याप्रमाणे बदलते. दिगंबर जैनांतले बीसपंथी सचित्त (ताजी) फुले वाहतात, तेरापंथी केशरात रंगवलेले तांदूळ. पंचामृताभिषेकाचेही तसेच. आपली पद्धत काहीही असो, तिथल्या पुजाऱ्यांना विचारून त्या वेदीवर चालते तेच करावे. कातडी पाकीट आणि पट्टा मुक्कामाच्या खोलीवरच ठेवावा.

गजपंथ सकाळी नऊपर्यंत आटोपला की दुपारी मांगी-तुंगीकडे निघावे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई, भावडबारीचा घाट, देवळा, सटाणा, ताहाराबाद असा रस्ता. स्वतःच्या गाडीने तीन तास लागतात. एसटीने जाणाऱ्यांनी आधी सटाणा किंवा ताहाराबाद गाठावे. ताहाराबादपासून पायथ्याच्या भिलवाडपर्यंतचा शेवटचा टप्पा जीपने करावा लागतो, आणि संध्याकाळी जीपा कमी होतात. इथे वेळेचा हिशोब चुकला तर उपाशी झोपायची वेळ येते, कारण भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी बंद होते. हिवाळ्यात साडेपाचच्या आत ताटावर बसायचे असेल तर नाशिक एकच्या आत सोडायला हवे. खोलीसाठी धर्मशाळेत आधी फोन करावा. कार्तिकी पौर्णिमेला इथे यात्रा भरते. ती अनुभवायची नसेल तर ते दिवस टाळावेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चढायला सुरुवात. पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. वंदना अनवाणी करायची असल्याने वेळ फार महत्त्वाची. काळा कातळ आणि सिमेंट अकराच्या पुढे असे तापते की तळपायाला फोड येतात, आणि ते चढताना नाही, उतरताना कळते. जाड सुती मोजे चालतात, खिशात असू द्यावेत. माणशी दोन लिटर गाळलेले पाणी आणि खालून घेतलेली काठी. गुडघे दुखणारे असतील तर डोली आदल्या संध्याकाळीच ठरवावी, दर स्पष्ट बोलून आणि 'दोन्ही शिखरे' असा शब्द घेऊन.

वाटेत शुद्ध-बुद्ध मुनींच्या गुंफा लागतात. पुढे शिखरांच्या जवळ वाट दुभंगते, एक फाटा मांगीला, दुसरा तुंगीला. इथेच निर्णय घ्यावा लागतो. आमचे मत स्पष्ट आहे: आधी तुंगी. मांगीवर मूर्ती पुष्कळ आहेत, तिथे वेळ जातो, ऊन चढते, आणि मग 'तुंगी लांबूनच नमस्कार करू' असे होते. तुंगी ४३६६ फूट, मांगी ४३४३. उंचीत फरक नाहीच म्हणा, थकव्यात आहे.

तुंगीवर चंद्रप्रभूंची गुंफा आणि रामचंद्रांची गुंफा आहे. राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील आणि नव्व्याण्णव कोटी मुनी इथून मुक्त झाले, अशी श्रद्धा. पंचवटीत काळारामाचे दर्शन घेऊन आलेल्याला इथला राम वेगळा भेटतो. जैन परंपरेत रावणाचा वध लक्ष्मणाच्या हातून होतो. रामाचा तो शेवटचा भव (जन्म), तो शेवटी दीक्षा घेतो. नाशिकच्या एकाच जिल्ह्यात वनवासी राम आणि मुनी राम दोघेही आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट पायऱ्यांवर नक्की सांगावी, चढ हलका होतो.

शिखराच्या कातळकड्याला परिक्रमा आहे. वाट अरुंद, वारा जोराचा. धोतर किंवा साडीचा पदर खोचून घ्यावा, लहानांचा हात सोडू नये. सुळक्याच्या माथ्यावर चढायचा प्रयत्न करू नये, वंदना कड्याच्या पायाशीच पूर्ण होते. कड्यांना आग्या मोहोळ असू शकते, म्हणून धूप-उदबत्ती उघड्यावर पेटवू नये आणि अत्तर लावून जाऊ नये. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, त्या दिवसांत वयस्करांना घेऊन येऊ नये.

तुंगीनंतर मांगी. जरत्कुमाराच्या बाणाने कृष्ण गेला, बलरामांनी मोहापायी सहा महिने देह खांद्यावर वागवला, शेवटी देवाच्या बोधाने इथे दहन करून दीक्षा घेतली, ही कथा या डोंगराशी जोडलेली आहे. दोन्ही शिखरे करून खाली यायला पाच-सहा तास धरावेत.

भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती याच डोंगरात अखंड कातळात कोरली आहे. गणिनी (साध्वीप्रमुख) ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने ती घडली, फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रतिष्ठा झाली. तिथे जायला वेगळा गाडीरस्ता आहे. त्यामुळे पायऱ्या न झेपणाऱ्यांना निदान हे दर्शन नक्की घडते. मात्र ही मूर्ती पाहिली म्हणजे मांगी-तुंगी झाली असे समजू नये.

मुनिसंघ मुक्कामाला असेल तर मुनींना 'नमोस्तु', आर्यिकांना (साध्वींना) 'वंदामि', क्षुल्लकांना (मुनिपदाआधीच्या पायरीवरच्या त्यागींना) 'इच्छामि' म्हणावे. मुनींच्या आहाराच्या वेळी पडगाहनाला (त्यांना आहारासाठी बोलवायला) उभे राहायचे असेल तर शुद्ध वस्त्रे आणि शुद्ध चौका (सोवळ्यातला स्वयंपाक) दोन्ही लागतात. आयत्या वेळी ते जमत नाही, पायथ्याच्या कार्यालयात आदल्या दिवशी विचारावे. परतीसाठी ताहाराबादहून दुपारी तीनच्या आत निघावे, म्हणजे भावडबारीचा घाट उजेडात उतरतो.