आधी आहे तो प्रोसेसर तरी पूर्ण पळू दे

सर माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आले ते प्रोसेसर हातात घेऊनच. काळ्या फोममध्ये खोचलेला, वर पारदर्शक डबी. "ताई, हा आय७ आहे, ३७२०क्यूएम. चार कोअरचा. सॉकेट जुळतं, मी सगळं वाचून काढलंय. तुम्ही फक्त बसवून द्या."

त्यांनी वाचलेलं बरोबर होतं. लॅपटॉप डेलचा लॅटिट्यूड ई६४३०, म्हणजे २०१२ च्या पिढीतला. आत आय५-३३२०एम, दोन कोअर (म्हणजे काम करणारे दोन स्वतंत्र भाग), ३५ वॅट. त्या काळातल्या अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला नसे, तो जी२ नावाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत बसे. सपाट स्क्रूड्रायव्हरने सॉकेटचा एक स्क्रू फिरवला की चिप अलगद उचलता येते. पुढे पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपचे प्रोसेसर सोल्डर होऊनच यायला लागले आणि ही सोय गेली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्यामुळे असं मशीन कुणी आणलं की ते खोलायला माझे हात शिवशिवतात.

सर सांगलीजवळच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवतात आणि दहावीच्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवतात. दहा-बारा मिनिटांचा एक धडा एक्स्पोर्ट व्हायला, म्हणजे त्याची तयार व्हिडिओ फाइल बनायला, पाऊण तास लागायचा. 'लॅपटॉप स्लो झालाय' म्हणून जे लोक येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं असतं, त्याजागी वेगवान एसएसडी टाकली की ते हसत घरी जातात. सरांनी ते आधीच करून घेतलं होतं, रॅमही ८ जीबी होती. मग राहिला प्रोसेसर, असा त्यांचा हिशेब.

मी म्हटलं, "सर, खोलण्याआधी आत्ताचा किती पळतोय ते तर बघू या." त्यांनी एक धडा एक्स्पोर्टला लावला, मी टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूचा वापर ४६ टक्के. आकडा जागचा हलेना. खाली वेग १.१९ गिगाहर्ट्झ.

"बघा, निम्मा रिकामाच बसलाय," सर म्हणाले. "सॉफ्टवेअरला दोन्ही कोअर नीट वापरता येत नाहीत की काय?"

तसं नव्हतं. या प्रोसेसरचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ. विंडोज टक्केवारी काढतं ती या मूळ वेगाच्या मानाने. "१.२ भागिले २.६ करा," मी म्हटलं. सरांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "छेचाळीस." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. दोन्ही कोअर पूर्ण राबत होते, पण सगळ्यात कमी वेगावर.

असं दिसलं की पहिला संशय उष्णतेवर जातो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. पण इथे तापमान पन्नाशीत होतं आणि पंखा जेमतेम फिरत होता. थंड प्रोसेसर हळू चालतोय म्हणजे बोर्डच त्याला हळू चाल म्हणून सांगतोय.

"सर, बॅटरी चार्ज होते का?"

"नाही हो, ती कधीचीच गेलीय. 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दाखवतो."

मग मात्र मी लॅपटॉप रीस्टार्ट केला, एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये गेले आणि अडॅप्टर, म्हणजे चार्जर, कोणता दिसतोय ते पाहिलं. तिथे ९० वॅट किंवा ६५ वॅट असं दिसायला हवं. दिसत होतं 'अननोन'.

या चार्जरच्या जाड गोल पिनच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. चार्जरमध्ये एक छोटी चिप असते, 'मी अमुक वॅटचा' ही ओळख ती या पिनवाटे लॅपटॉपला देते. ओळख मिळाली नाही, तर चार्जर किती भार पेलेल हे बोर्डाला कळत नाही. मग तो बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला खालच्या वेगावर बांधून ठेवतो. हे सुरक्षेसाठीच आहे. एरवी सुरू होताना स्क्रीनवर तसा इशाराही येतो, पण कुणीतरी बायोसमध्ये जाऊन तो बंद करून ठेवला होता. सरांनी मध्यंतरी एका ठिकाणी लॅपटॉप दाखवला होता. तिथे मीटर लावून १९.५ व्होल्ट बरोबर येतात म्हणून चार्जर पास झाला आणि दोष बॅटरीच्या माथी गेला. व्होल्ट येतच होते. तुटली होती ती ओळखीची बारीक तार, पिनपाशी, जिथे केबल रोज दुमडते तिथेच. केबल चिमटीत धरून जरा वाकवली की 'अननोन'चं ९० वॅट व्हायचं, सोडली की पुन्हा 'अननोन'.

माझा ९० वॅटचा चार्जर लावला, एक्स्पोर्ट पुन्हा सुरू केला. वेग सरळ ३.१ गिगाहर्ट्झ! पंखा जोरात फिरायला लागला, बाजूच्या जाळीतून धुळीचे कण उडाले, बॅटरीचा दिवाही लागला. तापमान मात्र पंच्याण्णववर गेलं, ते अपेक्षितच होतं. मागचं झाकण काढलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या पात्यांपुढे धुळीचा नमदा बसला होता आणि उष्णता हीटसिंककडे नेणारी प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. साफ करून नवी पेस्ट लावली. पाऊण तासाचा धडा सतरा मिनिटांत झाला.

आता प्रश्न डबीतल्या आय७चा. सर म्हणाले, "मग हा बसवला तर याच्याही निम्म्यात होईल?"

कागदावर होईल. पण ३७२०क्यूएम ४५ वॅटचा, म्हणजे जास्त तापणारा आहे आणि यांचा हीटसिंक ३५ वॅटच्या प्रोसेसरबरोबर आलेला. लांबच्या एक्स्पोर्टमध्ये तो तापून वेग उतरवणार, उन्हाळ्यात तर नक्कीच. काही मिनिटं वाचतील, निम्मा वेळ वाचेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दुसरं म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीतला आय५ काढून तिसऱ्याच पिढीतला आय७ घातला तरी ती अट तशीच राहते. या मशीनवर आता मोठा खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं. हाच लॅपटॉप कुणी विंडोजऐवजी लिनक्सवर चालवणार असेल, चिप स्वस्तात मिळाली असेल आणि जास्त वॅटच्या प्रोसेसरसाठीचा हीटसिंकही हाती असेल, तर मी आनंदाने बसवून देईन.

तसं मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या जागी मी असतो आणि तुम्ही शिक्षक असतात, तर?"

"चिप परत केली असती, चांगला चार्जर घेतला असता आणि उरलेले पैसे बाजूला ठेवले असते. पुढे-मागे आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड घेता येईल. त्यातला साधा आय५-८२५०यू सुद्धा चार कोअरचा आहे, आणि १५ वॅटचा."

रिटर्नची मुदत शिल्लक होती. सरांनी तिथेच बसून मोबाईलवर रिटर्न टाकला, चार्जरचे पैसे दिले आणि केबल कशी गुंडाळायची ते दोनदा विचारून घेतलं. मी त्यांच्यासमोर बायोसमधला तो इशारा पुन्हा चालू करून ठेवला.