तुम्ही विचारलंत म्हणून: दीड महिना आणि बॅग एवढीशीच?

सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा येऊन थांबली की हा प्रश्न ठरलेला. "काकू, दीड महिना चाललात ना? मग बाकीचं सामान कुठंय?" बाकीचं सामान नसतं. पाठीवर एक कापडी बॅग आणि खांद्याला शबनम, बस्स. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, भाचेसुना फोनवर विचारतात, मागच्या वेळी मुंबई विमानतळावर रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंनीही वळून विचारलं. मी घाईघाईत "कपडे कमी नेते हो" असं काहीतरी सांगून मोकळी होते. ते खरं उत्तर नाही, म्हणून आज नीट सांगते.

२०१४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं व्हेनिसला गेलो होतो. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा, एकेक वीस-बावीस किलोची, शिवाय हातात एकेक लहान. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर थेट पाणीच लागतं, ग्रँड कॅनाल. हॉटेल नकाशावर सहाशे मीटरवर दिसत होतं, म्हणून हे म्हणाले, चालतच जाऊ. स्टेशनाच्या डाव्या हाताला स्काल्झी पूल आहे, १९३४ सालचा, एकाच कमानीचा, दगडी. फार देखणा आहे, पण सगळा पायऱ्यांचा. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्याच, कारण खालून होड्या जायच्या म्हणजे पूल मध्यावर उंच हवा. तिथे चाकांचा काही उपयोग नाही. एक बॅग दोघांनी दोन बाजूंनी धरून वर न्यायची, ती तिथे ठेवून परत खाली उतरायचं, दुसरी आणायची, आणि सगळा वेळ वरच्या बॅगेवर डोळा. यांचा गुडघा आधीपासून दुखत होता. दुसऱ्या फेरीला हे मधल्या पायरीवर बसले ते उठेचनात. चेहरा घामाने डबडबलेला. तेवढ्यात एका तरुण मुलाने आमची बॅग उचलली आणि तो तरातरा पलीकडे निघाला. माझ्या काळजाचं पाणी झालं, वाटलं, गेली बॅग. त्याने ती पुलापलीकडे व्यवस्थित उभी करून ठेवली, हात हलवला आणि गर्दीत दिसेनासा झाला. त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते मला अजून लागतं.

पुढचे दोन दिवस हे खोलीत पाय उशीवर ठेवून पडून होते. मीही बसून होते. तेव्हा त्या बॅगा मी रिकाम्या केल्या आणि एकेक वस्तू पलंगावर मांडली. यांचे सात शर्ट, त्यातल्या चारांची घडी मोडलेली नव्हती. माझ्या पाच साड्या. दोन किलो चिवडा-लाडू. प्रवासात न्यायची छोटी इस्त्री, जी घेतल्यापासून एकदाही वापरली नव्हती. हे सगळं त्या पुलावरून नेण्यासाठी आम्ही व्हेनिसचे दोन दिवस घालवले होते.

२०१८ साली हे गेले. वर्षभराने मी मुलाला म्हटलं, मला पुन्हा इटलीला जायचंय, राहिलेलं बघायचंय. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "एकटी? आई, बॅगा कोण उचलणार?" भाषा, पैसे, आजारपण हे सगळं नंतर. आधी बॅगा. मला त्याचा राग आला नाही. त्याचं बरोबरच होतं. ज्या बाईला स्वतःचं सामान उचलता येत नाही तिला प्रत्येक जिन्यापाशी, प्रत्येक डब्याच्या दाराशी कुणाचं तरी तोंड बघत उभं राहावं लागतं. आणि मला तर एकटीनेच जायचं होतं. माझी बॅग लहान आहे ती एवढ्यासाठी. बाकीचं सगळं, सात किलोंचं गणित, कपड्यांच्या घड्या, तेलाची बाटली, हे त्याच्या मागून आलं.

मी पहिल्यांदा एक परीक्षा ठरवली. आमच्या बेडरूममध्ये माळा आहे. भरलेली बॅग स्टुलावर न चढता, कुणाचा हात न लागता त्या माळ्याच्या कडेवर ठेवता आली पाहिजे. रेल्वेच्या डब्यात किंवा विमानात डोक्यावर सामान ठेवायची जागा असते तिच्याहून माळा उंचच असतो. पहिल्या दिवशी मी नऊ किलो भरून बघितले, खांद्यातून कळ आली. साडेसहा किलोंची बॅग मात्र वर गेली. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या हातातल्या बॅगेला सात किलो देतात, आणि माझ्या खांद्यानेही साधारण तेच सांगितलं.

मग स्वयंपाकघरातला काटा काढला. घरात होती ती कडक कवचाची छोटी ट्रॉली रिकामीच दोन किलो सातशे ग्रॅम भरली! सातातले पावणेतीन तिनेच खाल्ले. सगळ्यात मोठी चूक इथेच होते असं माझं ठाम मत आहे. लोक रुमाल मोजतात आणि बॅगेचं वजन बघत नाहीत. मी चाकं सोडून दिली आणि पाठीवरची साधी कापडी बॅग घेतली, ती ९२० ग्रॅमची आहे. एका फटक्यात पावणेदोन किलो मोकळे झाले. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी चाकं सोडू नयेत, पण मग निदान कापडी, हलकी ट्रॉली घ्यावी.

कपडे विचाराल तर एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. दीड महिन्याला तेवढे पुरतात, कारण दीड महिना म्हणजे सहा वेळा एक आठवडा, आणि धुणं सगळीकडे होतं. पण कापड बघून घ्यावं लागतं. शुद्ध सुती कुर्ता आपल्या उन्हात उत्तम. परदेशातल्या थंड खोलीत तो पाणी धरून बसतो आणि सकाळी बाह्यांच्या शिवणी ओल्याच लागतात. मी सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे दोन कुर्ते नेते. घेण्याआधी त्यांची परीक्षा नाशिकच्या जुलैत घेतली. रात्री नऊला धुवून घरातच दोरीवर टाकले आणि सकाळी सहाला हात लावून बघितला. त्या दमट हवेत जे वाळलं ते कुठेही वाळतं. तरुण मंडळी मेरिनो लोकरीच्या टीशर्टांची तारीफ करतात, ते तीन-चार दिवस घातले तरी कुबट होत नाहीत हे खरंच आहे, पण ते महाग असतात आणि मला कुर्त्यातच बरं वाटतं.

वाळवण्याची युक्ती मला आईने दिलेली आहे. ओला कुर्ता पिळून झाला की कोरड्या पंचावर सपाट पसरायचा आणि अळूवडीसारखा कडेपासून घट्ट गुंडाळत न्यायचा. मग त्या गुंडाळीवर गुडघा देऊन, थोडं थोडं पुढे सरकत दाबायचं. पंचा भिजतो आणि कुर्ता अर्धा कोरडा बाहेर निघतो. मग पंचा झटकून खिडकीशी टाकायचा, तो तासाभरात वाळतो. टर्किश टॉवेल न्यायचं मी कधीच सोडून दिलंय. आपल्या आजोबांच्या खांद्यावर असायचा तसला पंचा १२० ग्रॅमचा असतो आणि अंग पुसायला, कपडे वाळवायला, गाडीत उशाशी घ्यायला, सगळ्याला चालतो. तशीच एक मोठी ओढणी. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत. बाहेर बायका कागदी शालींची शोधाशोध करत होत्या, मी सरळ आत गेले.

साडी नेता का, असं बायका हमखास विचारतात. नेते. एक जॉर्जेटची. परकर-ब्लाउजसकट सातशे ग्रॅमच्या आत बसते, चुरगळत नाही. कुणी घरी जेवायला बोलावलं तर नेसायला आपलं काहीतरी हवं. हे मी कधीही काढणार नाही.

द्रव पदार्थांचं लोकांना उगीच भय वाटतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रवरूप स्फोटकं न्यायचा कट उघडकीला आला, त्यानंतर हा १०० मिलिलिटरच्या बाटल्यांचा नियम जगभर आला. बाटली शंभराच्या आतली हवी आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. माझ्याजवळ खोबरेल तेलाची ५० मिलीची बाटली आणि टूथपेस्टची छोटी नळी, एवढंच असतं. अंगाला, केसांना आणि कपड्यांना साबणाच्या वड्या. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, म्हणून ते घट्ट आहे असं तपासणीत सांगून चालत नाही, ते द्रवातच धरतात. औषधं मात्र मोजूनमापून नेत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांना पुरून वर आठवड्याच्या जास्त, मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर गोळीतल्या औषधाचं नाव लिहून घेतलेलं. हे सगळं शबनममध्ये. कारण विमान भरलेलं असलं की कधी कधी दाराशी हातातली बॅगसुद्धा खाली सामानात टाकायला घेतात. तेव्हा औषधं आणि पॉवर बँक आपल्यापाशी असायला हवी. पॉवर बँक तर खालच्या सामानात चालतच नाही.

आता खाऊ. वजन इथे वाढतं, कारण तो आपण प्रेमाने भरतो. लोणचं हातातल्या बॅगेतून तपासणीत अडतं. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप हे सगळं गेलं. मी मेतकूट नेते. दोनशे ग्रॅमची पिशवी. तिथल्या घट्ट दह्यात मीठ घालून कालवलं की जेवण होतं. दाणे-गुळाचे लाडू, तुपाचं बोट न लावता वळलेले, ते पहिल्या चार दिवसांत संपतात आणि बॅग आणखी हलकी होते. जिथे स्वयंपाकघर असेल अशीच खोली घेते, कुकर लागत नाही, पातेल्यात भात होतो. पण दीड महिन्याचा चिवडा घेऊन जाणं म्हणजे त्या गावची भाकरी नको म्हणण्यासारखं आहे, असं मला वाटतं.

राहता राहिलं "लागलं तर?" हेच सगळ्यात जड. लागलं तर दुसरी चादर, लागलं तर जास्तीची चप्पल. मी वही ठेवली आहे. परत आले की न वापरलेल्या वस्तूंची नावं लिहिते. टॉर्च तीन वेळा त्या यादीत आली, चौथ्यांदा ती घरी राहिली. छत्री दोनदा आली तरी ती मी नेतेच, कारण तिसऱ्यांदा फ्लोरेन्सला धो धो पाऊस लागला. ही वही तुमची तुम्हीच लिहायला हवी, माझी यादी तुम्हाला चालणार नाही. तान्हं मूल बरोबर असेल, लग्नाला निघाला असाल, किंवा जानेवारीत लेहला, तर हे सात किलोंचं डोक्यातून काढूनच टाका. आणि युरोपातल्या काही स्वस्त विमानांत फुकटात फक्त सीटखाली मावेल एवढीच बॅग चालते, साधारण ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची. तिकिटाआधी ते वाचून घ्या, नाहीतर दाराशी जबर पैसे मोजावे लागतात.

२०२२ च्या सप्टेंबरात मी त्याच स्काल्झी पुलावरून गेले. ६ किलो ३४० ग्रॅम पाठीवर. मधोमध थांबले आणि कठड्याला टेकून बराच वेळ पाणी बघत राहिले. तिथून कॅनालचं वळण दिसतं, होड्या एकमेकींना वाट देतात. २०१४ ला आम्ही दोघं याच जागी उभे होतो आणि दोघांनीही ते बघितलं नव्हतं.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या माई आल्या. बहात्तर वर्षांच्या आहेत. बहिणीबरोबर काशी-प्रयागला वीस दिवस जायचंय, गाडीने. रेल्वे स्लीपरला चाळीस किलो फुकट नेऊ देते, पण ऐन वेळी फलाट बदलला की जिना आपल्यालाच चढायचा असतो, आणि माईंना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांनी आणलेलं सगळं आम्ही माझ्या ओट्यावर मांडलं आणि एकेक काट्यावर ठेवलं. दोन जाड लुगडी बाजूला झाली, तांब्या झाला, फुलवातींचा मोठा डबा झाला. शेवटी कापसात गुंडाळलेला पितळी बाळकृष्ण राहिला, २१० ग्रॅम. माई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, तो येणारच. मग त्याच्यासाठी काय काढायचं? बराच विचार करून त्यांनी स्टीलचा जेवणाचा डबा उचलला आणि बाजूला ठेवला, २४० ग्रॅम. बॅग बंद झाली. आमच्या माळ्यावर ती त्यांनी स्वतः ठेवली, खाली घेतली आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा ठेवली.