धावपट्टीवर गुरं

रंकाळ्याला सकाळची चक्कर झाली की आम्ही चार-पाच रिटायर मंडळी चहाला टेकतो. परवा मोबाईलमधला एक फोटो दाखवला. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, त्यात पाच-सहा गाई, मागं विमानतळाचा टॉवर. आमचे जुने सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, चष्मा वर करून म्हणाले, "तात्या, हे आपलं उजळाईवाडीचं विमानतळ न्हवं."

न्हवंच. हे इंग्लंडातलं ग्रीनहॅम कॉमन. लेक न्यूबरीला असते, तिथनं जवळच. 'कॉमन' म्हणजे काय हे जावई समजावायला लागले, तर मीच म्हटलं, "अहो, गायरान की!" 31 वर्षं तलाठी होतो, एवढंही कळू नये होय?

ह्या गायरानाचं दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानतळ झालं. 5 जून 1944 ला संध्याकाळी दोस्त सैन्याचे सेनापती जनरल आयझेनहॉवर इथं आले, तोंडाला काळं फासलेल्या छत्रीधारी पोरांशी बोलले आणि त्याच रात्री ती पोरं फ्रान्समधल्या नॉर्मंडीकडं उडाली. पुढं अमेरिकेच्या बॉम्बर विमानांसाठी 10,000 फुटांची धावपट्टी झाली. 1983 पासून अणुबॉम्बवाली क्रूझ क्षेपणास्त्रं यायला लागली. त्याआधीच, सप्टेंबर 1981 मध्ये, कार्डिफहून चालत आलेल्या बायकांनी कुंपणाबाहेर ठाण मांडलं होतं. डिसेंबर 1982 मध्ये तर 30,000 बायकांनी हातात हात धरून सगळ्या तळाला कडं केलं.

तिथं गेलं की सगळे हेच सांगतात. मला गंमत वाटली ती कागदाची. 1985 मध्ये सरकारनं तळात शिरायला बंदी घालणारे नियम काढले. आत शिरलेल्या दोघी बायका शिक्षेविरुद्ध पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, भांडल्या. मूळ कायदा 1892 चा, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं, की असल्या नियमांनी गायरानावरच्या हक्कांना बाध येता कामा नये. त्या दोघींना स्वतःला चराईचा हक्क नव्हता, तरी 1990 मध्ये नियमही उडाले आणि शिक्षाही!

"म्हणजे सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' नोंद होती म्हणा की," सर्कल म्हणाले. अगदी तेच.

1987 च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर 1991 पर्यंत क्षेपणास्त्रं गेली. मग धावपट्टी फोडली, 2000 साली कुंपण काढून रान खुलं केलं. मधोमध काँक्रीटचा एक तुकडा राखलाय. मी गेलो तेव्हा त्याच्यावर एक तांबडी गाय ऐसपैस बसून रवंथ करत होती. शेजारून कुत्री गेली, सायकली गेल्या, बाई हलली नाही. मी तिथंच उभा राहिलो. गायरान गेल्याचे फेरफार ह्या हातानं किती लिहिले असतील. परत आल्याचा एकही नाही.

सर्कल फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. "गुराखी कुठाय?"

"नसतो. रस्त्यावर लोखंडी पाइपांची जाळी टाकलीय, पाय अडकतो म्हणून गुरं ओलांडत नाहीत."

"आमच्या म्हशी ओलांडतील," सर्कल म्हणाले, आणि चहा सांगितला.