तुम्ही विचारलंत म्हणून : घरच्या बटाट्याचा हिशेब

"बटाटा कोपऱ्यावरच्या गाडीवर वीस-बावीस रुपये किलोनं मिळतो, मग घरामागं एवढा खटाटोप कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय आमच्या घरात काढायला बंदी आहे. शेजारी विचारतात, कंपनीतले विचारतात, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या पोरानंही एकदा विचारलं. पण सगळ्यात आधी विचारलं ते सासऱ्यांनी, आणि ते जास्त लागलं. कारण मामा सातगाव पठारावरचे.

हे पठार पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, पेठ-कुरवंडीच्या अंगाला. तिथं पावसाच्या भरवशावर बटाटा होतो. जून-जुलैत लावतात, बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, मंचरच्या बाजारातून आणतात आणि तिथं ते येतं पंजाबहून, ट्रक भरभरून. अशा गावच्या माणसानं माझा भोसरीतला चौदा फूट बाय साडेचार फुटांचा वाफा बघितला, वरंब्यावर खोचलेल्या बेण्याच्या फोडी नजरेनं मोजल्या आणि म्हणाले, "पाव्हणं, आमी बेणं कट्ट्यानं मोजतो. तुमी फोडी मोजताय व्हय?"

मोजतो. अठ्ठेचाळीस. वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला बावीस वर्षं काढली, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

म्हणून आधी हिशेबच सांगतो, वही समोरच आहे. गेल्या हंगामात बेणं दोन किलो, 90 रुपये. शेणखताची दोन पोती, 200 रुपये. निंबोळी पेंड थोडी, 40 रुपये. एकूण 330. काढणी झाली तेव्हा काट्यावर 12 किलो 300 ग्रॅम भरला. त्या दिवशी गाडीवरचा भाव 22 रुपये. म्हणजे 270 रुपये 60 पैशांचा माल पिकवायला 330 रुपये घातले, आणि तीन महिने रोज सकाळी तिथं उकिडवं बसलो त्याची मजुरी यात धरलेली नाही. ती धरली तर बायको वहीच फेकून देईल.

पैसे वाचवायचे असतील तर बटाट्याच्या वाटेला जाऊ नका. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं अळूचे चार कंद टोचा, एक कढीपत्ता लावा, आणि मेथी-कोथिंबीर थोडी थोडी, दर दहा दिवसांनी पेरा. धणे रगडून दोन भाग करून पेरायचे, अख्खे नाहीत. पावसाळ्यात जुडीचा भाव चढला की याच भाज्या तुमचे पैसे वाचवतात. दोडकाही वाचवतो, पण त्याचं जरा ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडं दोन वर्षं बोटाएवढे दोडके पिवळे पडून गळायचे आणि मी खतं घालत बसलो होतो. भानगड वेगळीच होती. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि आमच्या बोळात त्या वेळी माशी फिरकत नव्हती. आता चहा झाला की मी नर फूल खुडतो, पाकळ्या मागं सारतो आणि मागं बारीक दोडका असलेल्या मादी फुलाला ते टेकवतो. अर्ध्या मिनिटाचं काम. समोरच्या बाल्कनीतल्या काकू मी काय करतोय ते बघून न बघितल्यासारखं करतात.

पण हे सगळे उघड्यावरचे व्यवहार. वांगं दिसतं, टोमॅटो पिकताना दिसतो, दोडका गळाला तरी डोळ्यांसमोर गळतो. बटाटा तीन महिने काही म्हणजे काही कळू देत नाही. माझं उत्तर तेवढंच आहे. दिवसभर मी लोखंडाचे तुकडे मापात आहेत का ते बघतो, शतांश मिलिमीटरपर्यंत. घरी आल्यावर एक तरी गोष्ट अशी हवी, जिला गेज लावता येत नाही.

आणि ती फसवते. पहिल्या वर्षी चांगलीच फसवली. फेब्रुवारीत ओट्याखालच्या टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आले होते, म्हटलं टाकण्यापेक्षा लावू. काय पाला आला! मांडीपर्यंत. हिरवागार, जाड, निळसर पांढरी फुलंसुद्धा आली. मी फोटो काढून सासुरवाडीला पाठवले. मे महिन्यात उकरलं तर खाली गोट्या. पोरं खेळतात तेवढ्या, अठरा-वीस. मामांना फोन केला तर ते इतके हसले की मामींनी फोन काढून घेतला. मग मामींनी एका वाक्यात सांगितलं, "थंडी लागती वो त्याला, रातची."

नेमकं तेच. बटाटा हा कंद असला तरी मूळ नाही, खोडाचाच जमिनीखालचा फुगलेला भाग आहे. पानांनी दिवसभर केलेलं पिष्ट रात्री गारवा असेल तरच तो खाली साठवतो. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या वर राहिलं की कंद धरायची टाळाटाळ करतो, आणि सगळं बळ पाल्यात जातं. पठारावर पावसाळी गारव्यात तो येतो, आमच्याकडं भोसरीत मात्र त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच खिडकी आहे. तेव्हापासून मी दिवाळी झाली की लावतो.

दुसऱ्या वर्षी वेळ साधली, पण फोडी सडल्या. शीतगृहातून आलेलं बेणं त्याच दिवशी चिरलं, त्याच दिवशी लावलं आणि वर भसाभस पाणी सोडलं. आठ दिवसांनी उकरून बघितलं तर नुसता वास. आता बेणं आणलं की आठ-दहा दिवस जिन्याखाली पसरून ठेवतो, जिथं उजेड येतो पण ऊन येत नाही. अंधारात ठेवलं तर पांढरे लांबलचक कोंब येतात आणि लावताना मोडतात. उजेडात आखूड, जाड, जांभळट येतात. चिरायचा तो उभा, कारण शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात. आडवा चिरला तर शेंड्याकडची फोड पळते आणि बुडाकडची मागं राहते. फोडी राखेत घोळवून एक दिवस सावलीत ठेवायच्या, चिरलेल्या बाजूला खपली धरली पाहिजे. सुरी एका फोडीत काळं दिसलं की धुऊन घ्यायची. हे सगळं मामींनी सांगितलेलं. मामा फक्त हसतात.

लावल्यावर महिन्याभरात भर द्यायची असते. यात माझ्यासारखे हौशी लोक हमखास कुचराई करतात, झाडाच्या गळ्यापर्यंत माती ओढायला जीव होत नाही. पण नवे बटाटे लावलेल्या फोडीच्या वरच्या अंगाला, खोडापासून निघणाऱ्या आडव्या दोऱ्यांच्या टोकाला धरतात. वर माती नसेल तर ते उघडे पडतात आणि उजेड लागून हिरवे होतात. हिरवा भाग कडू लागतो आणि विषारी असतो, शिजवूनही ते जात नाही. वाफ्यातून कंद डोकं काढताना दिसला की आपण खूश होतो, खरं तर तो बटाटा गेलेला असतो.

चौथं वर्ष मला आठवायला आवडत नाही. वांगी काढून त्याच जागी बटाटा लावला. जानेवारीत दुपारी झाडं मान टाकायला लागली, पाला हिरवाच आणि तरी मलूल. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी पाणी दिलं. कंपनीतला एक जण शेतकरी घरचा. त्यानं एक खोड तिरकं कापलं आणि काचेच्या ग्लासात पाण्यात धरलं. दोन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक धागा पाण्यात उतरायला लागला, अगदी सरळ खाली. मर. जिवाणूंची. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले, एकाचा रोग दुसऱ्याच्या घरी पाहुणा जातो. तो धागा बघून अंगावर काटा आला खरा, पण बघतही राहिलो. पुढची दोन वर्षं त्या वाफ्यात मका आणि मेथीशिवाय काही लावलं नाही.

आता काढणीचं. पाला पिवळा पडला की पाणी तोडायचं, पाला जमिनीलगत कापायचा आणि आठ-दहा दिवस खाली काहीच करायचं नाही. साल घट्ट व्हायला तेवढे दिवस लागतात. मी मात्र दोन झाडं आधीच उकरतो. खुरपं बाजूला ठेवतो, कारण खुरपं लागलेला बटाटा टिकत नाही, आणि हात घालतो. भर दिलेली माती भुसभुशीत असते, बोटं सहज जातात. आधी काहीतरी मऊ गिळगिळीत लागतं, ती लावलेली जुनी फोड, आता नुसतं पाणी भरलेलं साल. तिच्या वर, थोडं बाजूला, गार आणि टणक काहीतरी लागतं. मग शेजारी दुसरं. बाहेर काढून अंगठा फिरवला की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल सरकते आणि आतला पिवळट ओला बटाटा दिसतो. गेल्या वर्षी एका झाडाला सात लागले, त्यातला एक 310 ग्रॅमचा. जाडी मोजायचा व्हर्नियर लावायचा मोह झाला होता, पण पोरगी बघत होती.

हा बटाटा महाशिवरात्रीच्या आसपास हाती येतो, म्हणून आमच्याकडं त्या उपासाला हाच असतो. उकडून, तुपात जिरं-मिरची घालून. (बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांचा. आपल्या उपासाचं ताट म्हणजे परदेशी मालाचं गोदाम आहे, पण हे आईसमोर बोललो नाही.) चवीचं म्हणाल तर खरा फरक काचऱ्यांत कळतो. शीतगृहात दोन-चार अंशांवर बटाटा महिनोन्महिने राहिला की त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला लागते. म्हणून बाजारचा बटाटा कधी कधी गोडसर लागतो आणि तळला की शिजायच्या आधी काळपट होतो. घरचा तसा होत नाही. बारा किलो फार तर महिनाभर पुरतो, मग आम्ही पुन्हा कोपऱ्यावरच्या गाडीवर.

या वर्षी मामा काढणीला आले होते. पाय दुखतात म्हणून खुर्ची टाकून बसले आणि मी काढेन त्यातल्या चिंगळ्या, म्हणजे अगदी बारीक बटाटे, वेगळ्या करत गेले. शेवटच्या झाडापाशी स्वतःच खाली बसले आणि माती सारून हात घातला. तीन निघाले. काही बोलले नाहीत, फक्त एक बटाटा धोतराला पुसून नाकाशी धरला. चिंगळ्या मात्र पिशवीत भरून गावाला नेल्या. ज्यांच्या घरी पोत्यांनी बटाटा पडलेला असतो, त्यांनी.

आता पुढचा प्रश्न मला माहीत आहे, "आम्हाला थोडं बेणं द्याल का?" नाही देणार, राग मानू नका. मी स्वतःसुद्धा घरचं बेणं ठेवत नाही. मावा नावाची बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेते, तो विषाणू कंदात उतरतो, आणि तेच बेणं पुन्हा पुन्हा लावलं की दरवर्षी पीक घटत जातं. पंजाबात थंडीत मावा कमी असतानाच्या दिवसांत बेण्याचा बटाटा वाढवतात, म्हणून ते तिकडून आणावं लागतं. शिवाय फेब्रुवारी ते नोव्हेंबर भोसरीच्या उकाड्यात ते टिकवणार कुठं? दिवाळीच्या आधी मी मंचरला जाणार आहे. दोन किलो जास्त आणायचं असेल तर तेव्हा सांगा, आणि येताना एक रिकामं पोतं घेऊन या. शेणखत ज्याच्याकडून आणतो तो पोत्याचे वेगळे पैसे लावतो.