आपल्यात कोण वापरतंय?

पाण्याची मोटार वाय-फायवरून चालू-बंद करायला नोडएमसीयू नावाच्या छोट्या बोर्डावर टास्मोटा हे फर्मवेअर चढवायचं होतं. बाकी सगळं बसलं. गिटवरून कोड उतरवला, पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात कोड बिल्ड करणारं प्लॅटफॉर्मआयओ टाकलं, पहिल्या बिल्डला टूलचेन डाउनलोड होईपर्यंत थांबावं लागलं तेवढंच. लॅपटॉपला नोडएमसीयू जोडला आणि त्याच्याशी बोलायचा सिरियल पोर्टच नाही.

एलएसयूएसबीत, म्हणजे जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीत, बोर्ड दिसतो, आयडी १ए८६:७५२३, म्हणजे यूएसबीचा सिरियल पोर्ट करणारी सीएच३४० चिप. डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, पाहिलं तर टीटीवाययूएसबी० हा पोर्ट जोडला गेल्याची ओळ, आणि लगेच खाली सुटल्याची. मध्ये एक नाव: बीआरएलटीटीवाय. केबल नुसती चार्जिंगची असती तर एलएसयूएसबीतही काही आलं नसतं. सिरियल पोर्ट वापरायची मुभा देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये आपण नसतो तर पोर्ट दिसला असता, फक्त परवानगी नाकारली असती. इथं पोर्ट हातचा पळवलेला. उबुंटू २२.०४ वरचं हे ठरलेलं दुखणं.

बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम, उबुंटूत आधीपासूनच असतो. जो तो एकच उपाय सांगतो, एपीटी रिमूव्ह, म्हणजे प्रोग्रॅमच काढून टाकायचा. भाचाही तेच म्हणाला, "मामा, काढून टाका की ते. आपल्यात कोण वापरतंय?"

अण्णा बाहेरच्या खोलीत होते.

दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जाईना. अण्णांना ब्रेल येत नाही, ते आता शिकणारही नाहीत, कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. मग मला का लागावं? पोरगं काही वावगं बोललं नाही. खरंच कुणी वापरत नाही आपल्यात. अजून तरी. डॉक्टर त्या दिवशी जे म्हणाले ते... जाऊ दे. घरातल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब मीच ठेवायचा, बाकीच्यांना जेवण झालं की झोप लागते.

मग यूदेवची, म्हणजे कोणतं उपकरण जोडलं की काय सुरू करायचं हे ठरवणाऱ्याची, रूलची फाइल उघडली. यूएसआर, लिब, यूदेव, रूल्स.डी, आणि आत ८५-बीआरएलटीटीवाय.रूल्स. आपल्याच आकड्यांवर कॉमेंट लिहिलेली: एनएलएस ईरीडर, झूमॅक्स, २० सेल (सेल म्हणजे ब्रेलच्या एका अक्षराची जागा). अमेरिकेतल्या अंधांसाठीच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेचं वाचनयंत्र. त्याचाही आयडी १ए८६:७५२३. चिप बनवणाऱ्याचा सरसकट आयडी, त्यावर स्वतःचं नाव कुणीच घातलेलं नाही. बीआरएलटीटीवायला वाटतं, वाचणारा आला. येतो माझा मोटार चालवणारा बोर्ड.

हे वाचल्यावर रिमूव्ह करायला हात होईना. हसू मात्र आलं.

केलं ते असं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, पॅकेज अपडेट झालं की ती पुन्हा पहिल्यासारखी होते. तिची प्रत त्याच नावानं ईटीसीमधल्या यूदेवच्या रूल्स.डीत ठेवायची, त्याच नावाची फाइल दोन्हीकडे असली तर यूदेव ईटीसीतलीच धरतो. प्रतीत ७५२३ च्या ओळीआधी हॅश, म्हणजे ती ओळ बाद. मग रूल्स रीलोड न करत बसता सरळ रीबूट, कारण आधीच चालू झालेला बीआरएलटीटीवाय रूल बदलल्यानं थांबत नाही. एका ओळीच्या उपायापेक्षा पाचेक मिनिटं जास्त. बाकीचे ब्रेल डिस्प्ले पूर्वीसारखे चालतील. सोलापुरात माझ्या लॅपटॉपला कोण जोडायला येणार आहे म्हणा!

पोर्ट आला, ११५२०० च्या वेगानं फर्मवेअर चढलं. वाय-फायचं नाव-पासवर्ड टास्मोटाच्या यूजर कॉन्फिग ओव्हरराइड फाइलमध्ये आधीच घातलं होतं. नाव २.४ गिगाहर्ट्झचंच द्यावं लागतं, ५ वालं बोर्डावरच्या ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपला दिसतच नाही.

उद्या पाण्याचा दिवस. एक एचपीची मोटार निळ्या १० अँपिअरच्या रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचवर, थेट टाकायची नाही. सुरू होताना ती चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग मोटार बंदच होत नाही. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीचा जड करंट पेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल ओढायची. यंत्रमागांच्या गावात कॉन्टॅक्टरला काय तोटा. शिवाय टास्मोटात पल्सटाइम, म्हणजे आपोआप बंद व्हायची वेळ, १९०० दिलंय. त्यातून १०० वजा केले की सेकंद, म्हणजे अर्ध्या तासानं मोटार आपोआप बंद.

हाताचा स्विचही ठेवलाय, बोर्डाच्या डी५ पिनवर, म्हणजे टास्मोटातला जीपीआयओ१४. राउटर रुसला तरी तो थेट रिले फिरवतो. अण्णांचा मोबाइलवर भरवसा नाही, आणि पाण्याच्या दिवशी माझाही नसतो.