खोली 'ऑन रिक्वेस्ट': हॅवलॉकला डायव्हिंगसाठी जागा ठरवतानाचा माझा अनुभव

अंदमानच्या हॅवलॉक बेटावर डायव्हिंगला जायचं ठरलं की विमान, फेरी आणि डायव्ह सेंटर ही तीन कामं एका बैठकीत उरकतात. भारतीयांना तिथे वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. आमचं सगळं अडलं ते राहायच्या जागेवर. ती चिडचिड अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. निदान पुढे जाणाऱ्यांचे तेवढे दिवस वाचतील.

आधी बेटाबद्दल थोडं. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर कधी जुनं नाव असतं, कधी नवं, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा. हॅवलॉकचे किनारे आकड्यांनी ओळखले जातात. तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. तीन आणि पाच पूर्वेला, सात पश्चिमेला. सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट आम्हाला कुणी आपणहून सांगितली नाही.

राधानगरचा किनारा खरोखर देखणा आहे. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत तोच दिसतो. पण बहुतेक डायव्ह सेंटरं पूर्वेच्या किनाऱ्यावर आहेत आणि बोटी भल्या सकाळी सुटतात. राधानगरला राहिलात तर रोज अंधारात रिक्षा ठरवून बेट ओलांडायचं. माझ्या नवऱ्याला डायव्हिंग करायचं नव्हतं, त्याला निवांत पोहायचं होतं, म्हणजे त्याच्यासाठी राधानगर बरं. मला मात्र रोज दोन डायव्ह करायचे होते. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेले तेव्हापासून मनात होतं आणि आता ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र हातात होतं. शेवटी आम्ही पूर्व किनारा घेतला. राधानगरला दुपारी रिक्षाने जाऊन सूर्यास्तानंतर परत येता येतं. पहाटेच्या बोटीसाठी उलटा प्रवास रोज करणं जिवावर येतं.

पूर्व किनाऱ्याची एक अडचण मला आधीच कळली, कारण माझं माहेर वेंगुर्ल्याचं. हॅवलॉकच्या पूर्वेकडचा तळ इतका उथळ आणि सपाट आहे की ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि समोर खडक, मेलेलं प्रवाळ आणि चिखलट वाळू उघडी पडते. जाहिरातीतले फोटो भरतीचे असतात. खोलीसमोर 'खासगी किनारा' लिहिलेला असला तरी दिवसातले कित्येक तास तिथे पोटरीभरही पाणी नसतं. म्हणून तारखा ठरवताना मी तिथी पाहिली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी. भांगात पाणी कमी हटतं आणि खोल डायव्हच्या ठिकाणी प्रवाहाचा जोरही साधारणपणे कमी असतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशेब मात्र तिथे लावू नका. वेळा वेगळ्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांमध्ये पोर्ट ब्लेअरच्या वेळा मिळतात, त्या बघा.

आता मूळ दुखणं.

आम्ही पुण्यातल्या एका एजंटकडून जागा घ्यायचं ठरवलं. ओळखीतल्या दोघांनी त्याचं नाव सुचवलं होतं. मी त्याला पाच नंबरच्या किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट सांगितलं. झाडीत विखुरलेल्या लाकडी झोपड्या, आजूबाजूला वर्दळ नाही आणि डायव्ह सेंटर चालत जाण्याइतकं जवळ. कुठल्या ओळीतली झोपडी हवी तेही सांगितलं. त्याने अर्धे पैसे आगाऊ घेतले आणि म्हणाला, "मॅडम, रूम ऑन रिक्वेस्ट टाकलीय, उद्या संध्याकाळपर्यंत कन्फर्म होईल." म्हणजे खोली अजून मिळालेली नाही, रिसॉर्टच्या होकाराची वाट बघायची.

ती संध्याकाळ काही आली नाही. मी फोन करायचे आणि तेच उत्तर मिळायचं. "रिसॉर्टकडून यायचंय मॅडम." मी विचारलं, झोपडी समुद्रासमोरच्या ओळीतली आहे की मागच्या? "सी फेसिंगच आहे." नकाशा पाठवाल का? "नकाशा नसतो हो, तुम्ही बिनधास्त राहा." तिथून डायव्ह सेंटर किती लांब? "सगळं जवळच आहे, बेट छोटं आहे." समुद्र खवळून फेरी रद्द झाली तर पहिल्या रात्रीचे पैसे? "तसं काही होत नाही."

या शेवटच्या उत्तराने माझं डोकं फिरलं. तसं होतं. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले होते, नौदलाने त्यांना बाहेर काढलं. ज्याचा धंदाच लोकांना तिथे पाठवायचा आहे त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

इकडे फेरीच्या जागा भरत चालल्या होत्या. खासगी फेरी पोर्ट ब्लेअरहून साधारण दीड तासात पोचवते, सरकारी बोटीला अडीच तास लागतात. तारीख पक्की नसेल तर फेरी पक्की करता येत नाही आणि खोली पक्की नसेल तर तारीख. डायव्ह सेंटरलाही नावं द्यायची होती. एका खोलीच्या होकारावर सगळी साखळी लटकलेली, आणि तो माणूस रोज शांतपणे "संध्याकाळपर्यंत" म्हणत होता.

मग एक दिवस त्याने स्वतःच फोन केला. "मॅडम, ते रिसॉर्ट फुल्ल आहे, पण त्याच रेटमध्ये तुम्हाला याहून भारी प्रॉपर्टी देतो, स्विमिंग पूल आहे." जागा कुठे, तर जेट्टीजवळ, बाजाराला लागून. मला पूल नको होता. समुद्रासाठी जाणाऱ्या माणसाला पूल दाखवायचा आणि वर उपकाराचा सूर लावायचा, हे मला फार लागलं.

त्या रात्री मी डायव्ह सेंटरला फोन लावला, तोही फक्त नावं कळवायला उशीर होतोय एवढं सांगायला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "राहताय कुठे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ते तर रिकामं आहे, कालच आमचे दोन पाहुणे तिथे गेले. थेट फोन करा ना." मी सकाळी रिसॉर्टला फोन केला. तिथल्या व्यवस्थापकाने वही उघडली. आमच्या नावाची विचारणाच त्यांच्याकडे आलेली नव्हती. मी सांगितलेल्या ओळीतल्या झोपड्या त्या तारखांना मोकळ्या होत्या. मी विचारलं, पाण्यापासून किती लांब? त्याने झोपडीचे क्रमांक सांगितले, कुठल्या झोपडीसमोर झाडं आड येतात तेही सांगितलं आणि आपणहून म्हणाला, "ओहोटीला इथे पोहता येत नाही, आधीच सांगून ठेवतो." या एका वाक्यावर मी जागा पक्की केली. फेरी रद्द झाली तर काय, हेही विचारलं. पहिली रात्र पुढे सरकवून देऊ, पैसे कापणार नाही, असं त्याने मेलवर लिहून दिलं.

आगाऊ रक्कम परत मिळवणं हे पुढचं काम. एजंट आधी म्हणाला, पुढच्या सहलीत वळती करतो. मग म्हणाला, प्रक्रिया खर्च कापावा लागेल. मी फोनवर बोलणंच थांबवलं. एक मेल लिहिला. कधी पैसे दिले, कधी काय सांगितलं गेलं आणि रिसॉर्टने लेखी काय कळवलं, हे तारखांसकट मांडलं. शेवटी लिहिलं की ठरल्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात दिसली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवेन. पैसे आले, एक रुपयाही न कापता. मला त्या मेलचा अजून अभिमान आहे. म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून सगळं लेखी ठेवा. फोनवर बोलणं झालं की लगेच "आत्ता ठरल्याप्रमाणे" म्हणून दोन ओळींचा मेसेज टाका. आणि 'ऑन रिक्वेस्ट' खोलीसाठी आगाऊ पैसे देऊच नका. खोली मिळाल्याचा कागद, त्यावर खोलीचा प्रकार आणि रिसॉर्टचा स्वतःचा बुकिंग क्रमांक, हे हातात आल्यावरच पैसे द्या. तो क्रमांक रिसॉर्टला फोन करून पडताळता येतो.

जागा निवडताना डायव्ह सेंटरलाच आधी विचारा, हे मी आता सगळ्यांना सांगते. त्यांचे पाहुणे वर्षभर त्याच रिसॉर्टांमध्ये उतरतात. कुठे रात्री जनरेटर कानाशी घरघरतो, कुठे पाणी मचूळ येतं, कुठले लोक पहाटे चहा देतात, हे त्यांना पाठ असतं. काही सेंटरांच्या स्वतःच्या खोल्याही असतात, साध्या पण सोयीच्या. एकटे जाणार असाल तर त्या उत्तम.

नाश्त्याचं विसरले. 'नाश्ता समाविष्ट' असं लिहिलेलं असतं, पण तो साडेसातला सुरू होतो आणि तोवर तुम्ही बोटीत असता. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारायला लागतं. डायव्हिंगचा दिवस त्या हिशेबाने चालतो. आदल्या रात्री सांगून ठेवल्यावर आम्हाला केळी, उकडलेली अंडी आणि ब्रेड बांधून मिळायचं. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या. खोली सोडायची वेळही विचारा. आमच्याकडे ती सकाळी फार लवकर होती आणि फेरी दुपारची.

खोलीत एसी आहे का यापेक्षा बाहेर ओटा आणि दोरी आहे का ते बघा. ओला पोहण्याचा पोशाख, टॉवेल, मास्क वाळवायला जागा लागते. दमट हवेत खोलीत काही वाळत नाही. मच्छरदाणी हवीच. वाळूतल्या बारीक माश्या पावसानंतर फार चावतात, मच्छरांपेक्षा त्यांची खाज जास्त दिवस टिकते. वाळूवर थेट बसू नका, खाली काहीतरी अंथरा.

कुणाला दमा, रक्तदाब, कानाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर खोलीचे पैसे भरण्याआधी डायव्ह सेंटरकडून आरोग्याचा फॉर्म मागवा. एखाद्या प्रश्नाला 'हो' उत्तर आलं तर डॉक्टरांची सही लागते आणि ती पुण्या-मुंबईत घेऊन जाणं सोपं. सही नसेल तर ते पाण्यात उतरवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आपल्या प्रमाणपत्राची मर्यादाही आधी सांगा. ओपन वॉटरवाल्याला अठरा मीटर. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज या डायव्हच्या ठिकाणांची नावं ऐकून सगळे हरखतात, पण तिथलं खरं वैभव त्याहून खोल आहे. मी लाइटहाउस आणि अ‍ॅक्वेरियम ही ठिकाणं केली आणि मन भरलं. अगदी नवख्यांना तीन नंबरच्या किनाऱ्यालगतचं निमो रीफ आहे, तिथे किनाऱ्यावरूनच आत जाता येतं. फक्त निमोच करायचं असेल तर तीन नंबरलाच राहा.

नवऱ्याचं काय झालं असं विचारतात. त्याने भरतीच्या वेळा कागदावर लिहून ओट्यावर चिकटवल्या आणि त्याप्रमाणे पोहला. दुपारी पाणी मागे गेलं की आम्ही दोघं राधानगरला जायचो. तिथे ठरवून दिलेल्या पट्ट्यातच पोहा. मगरींच्या सूचनांचे फलक शोभेचे नाहीत. २०१० मध्ये तिथल्या नील्स कोव्हजवळ मगरीने एका अमेरिकन पर्यटक महिलेचा जीव घेतला होता.

परतीची शेवटची रात्र हॅवलॉकला ठेवू नका, ती पोर्ट ब्लेअरला ठेवा. सलग काही दिवस डायव्ह केले असतील तर शेवटच्या डायव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नसतं आणि फेरी रद्द झाली तर विमानही चुकतं. आम्ही शेवटचा डायव्ह सकाळी आटोपला, दुपारच्या फेरीने निघालो, दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल पाहिलं आणि मग विमानतळ गाठला. पोर्ट ब्लेअरची खोली मी थेट हॉटेलला फोन करून घेतली. होकार त्याच फोनवर मिळाला.